थांबा, घंटा वाजतेय!

रात्रीचे दीड वाजलेत. सबमिशन सकाळी आहे, फाइल अर्धीच झालीये आणि तुम्ही 'फक्त एकच रील' म्हणत म्हणत चाळिसाव्या रीलवर पोहोचलात. ओळखीचं वाटतंय ना? मागच्या वर्षी शेवटच्या सेमिस्टरला माझं रोज हेच चाललं होतं. झोप उडाली होती. आईचा फोन आला की 'नंतर करते गं' म्हणून कट करायचे. काय झालंय असं कुणी विचारलं, तर धड सांगताही यायचं नाही.

त्याच खोलीत माझी रूममेट होती, वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातली. तीच परीक्षा, तेच मेसचं जेवण, तेच टेन्शन. पण रात्री साडेदहा वाजले की ही फोन उलटा ठेवून दहा मिनिटं पलंगावर गप्प बसायची. मला आधी हसू यायचं. एका रात्री विचारलंच, 'रोज एवढं काय मागतेस देवाकडे?' ती म्हणाली, 'मागत नाही गं, आजचा हिशेब बघते.'

मी ख्रिश्चन नाही. पण त्या रात्रीनंतर तिच्या सवयींकडे नीट बघायला लागले. त्यांत एक गोष्ट समान होती. थांबायची वेळ आधीच ठरलेली असायची. मूड असो वा नसो, काम संपलेलं असो वा नसो. आपण मात्र 'सगळं आटपलं की थांबू' असं म्हणतो आणि सगळं कधीच आटपत नाही.

हातातलं काम खाली ठेवा

कॅथलिक परंपरेत सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी चर्चची घंटा वाजते. तिला अँजेलस म्हणतात. घंटा ऐकली की जिथे असाल तिथे थांबून छोटी प्रार्थना करायची. फ्रेंच चित्रकार मिलेचं 'अँजेलस' हे एकोणिसाव्या शतकातलं चित्र नेटवर नक्की बघा. शेतात बटाटे काढणारं एक जोडपं मान खाली घालून उभं आहे. बटाट्यांची टोपली तशीच पडलीये, काम अर्धवट आहे. तरी ते थांबलेत.

माझी रूममेट शहरात आली आणि घंटा ऐकू येईना. मग तिने मोबाइलवर बाराचा अलार्म लावला. लेक्चर चालू असेल तर फोन नुसता थरथरतो आणि ती मनातल्या मनात दोन ओळी म्हणते. एक मिनिटही लागत नाही. 'दिवस माझ्या एकटीच्या खांद्यावर नाहीये, एवढं आठवलं तरी बास,' ती म्हणते.

दिवसाचा रिवाइंड

रात्रीच्या त्या दहा मिनिटांना 'एक्झामेन' म्हणतात. ही पद्धत रुजवली ती जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी सुरू केलं, तेच हे जेझुइट. इग्नेशियस मूळचे स्पेनमधले शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला आणि पुढचे कित्येक महिने अंथरुणात गेले. वाचायला हव्या होत्या शूरवीरांच्या कथा. घरात सापडली ती ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र सांगणारी पुस्तकं.

पडल्या पडल्या त्यांच्या एक गंमत लक्षात आली. पराक्रमाची, राजदरबाराची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचा विचार केला की त्यातला आनंद मात्र नंतरही टिकायचा. म्हणजे एखादी गोष्ट करताना कसं वाटतं यापेक्षा ती संपल्यावर मनात काय उरतं, हे त्यांनी बघितलं. हे वाचलं तेव्हा मला माझा चाळिसावा रील आठवला!

एक्झामेन करायचं कसं? पायऱ्या पाचच:

- आज मिळालेल्या एखाद्या गोष्टीबद्दल आभार माना. अगदी कटिंग चहाबद्दलसुद्धा चालेल.
- दिवस खरा आहे तसा दिसू दे, असं देवाकडे मागा.
- सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या. कुठे बरं वाटलं? कुठे आत काहीतरी आक्रसलं?
- जिथे चुकलात तिथे क्षमा मागा. स्वतःला झोडपत बसू नका.
- उद्यासाठी एकच गोष्ट ठरवा.

मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा तिसऱ्या पायरीलाच अडकले. दिवसभरात सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सबमिशन नव्हतीच. आईचा कट केलेला फोन होता.

देवाशी भांडलं तरी चालतं

'श्रद्धा आहे ना, मग रडतेस कशाला?' हे वाक्य तिनेही ऐकलंय. त्यावर तिचं उत्तर म्हणजे बायबलमधली स्तोत्रं. एकूण १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी चक्क तक्रारी आहेत. कुठे आहेस, किती वाट बघू, असं देवालाच विचारणारी. ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. गोड शेवट नाहीच. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. म्हणून वाईट दिवशी तीही वहीत देवाला पत्र लिहिते. शुद्धलेखन न बघता, राग न लपवता.

आधी जेव, मग झोप

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एलिया संदेष्ट्याची आहे. जीव मुठीत धरून पळून आलेला हा माणूस रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, मला मरण दे. देवदूत येतो. उपदेश करत नाही. उठवतो आणि भाकर-पाणी देतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायलाच देतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाशी बोलणं त्यानंतर होतं.

परीक्षेच्या काळात जेवण टाळून, रात्र रात्र जागून 'मला काहीच जमत नाही' असं वाटायला लागलं, तर ही गोष्ट आठवा. आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा हा नियमही तिथलाच, थेट दहा आज्ञांमधला. माझी रूममेट रविवारी मिस्सा झाली की संध्याकाळपर्यंत पुस्तक उघडत नाही. मार्क्स कमी पडले का? नाही पडले.

आणि तरीही नाही जमलं तर?

हे तिने मला खूप उशिरा सांगितलं. दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले, तेव्हा ती आठवडाभर अंथरुणातून उठली नव्हती. प्रार्थना चालू होती, पण अन्न जात नव्हतं. जगायचंच नाही, असे विचार यायला लागले होते. शेवटी गावी जाऊन चर्चमधल्या फादरना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तिच्यासोबत प्रार्थना केली आणि म्हणाले, 'आता आईला सांग आणि समुपदेशकाकडे जा. मी प्रार्थना करतोच आहे.' ती गेली. काही महिने जात राहिली. 'श्रद्धा कमी पडली असं नाही वाटलं?' मी विचारलं. ती हसली. 'इग्नेशियसचा पाय पण डॉक्टरांनीच जोडला होता ना!'

तुमच्याही मनात असे विचार येत असतील, तर एकट्याने झुंजू नका. घरच्यांना, मित्राला, शिक्षकांना, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना आजच सांगा. 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन २४ तास मोफत चालते. नंबर आहे १४४१६. मराठीतही बोलता येतं.

बाकी, या सवयींतून श्रद्धा काढून टाकली तर नुसतं टाइमटेबल उरतं, असं माझी रूममेट म्हणते. तिच्या दृष्टीने ते खरंच आहे. मी अजून शोधतेय. पण माझाही बाराचा अलार्म लागलेला आहे आणि रात्री साडेदहाला फोन उलटा होतो. त्याआधी एक कॉल मात्र ठरलेला असतो, आईला.

तुमची घंटा किती वाजताची? आज रात्री झोपण्याआधी ठरवून टाका.