गाव प्लेगनं उठलं की मेंढ्यांनी?

इंग्लंडमधल्या ओसाड मध्ययुगीन गावांचं खापर सरसकट १३४८-४९च्या प्लेगवर फोडलं जातं. यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या गावाचा पुरावा वेगळं सांगतो. तिथं मॉरिस बेरेसफर्ड यांनी १९५० मध्ये सुरू केलेलं उत्खनन जॉन हर्स्ट यांच्या साथीनं १९९० पर्यंत चाललं. प्लेगनंतरही गाव नांदतं होतं. शेवटची कुटुंबं १५०० च्या सुमारास जमीनदारानं हुसकावली, कारण लोकर धान्यापेक्षा फायद्याची ठरत होती.

मग प्लेगचा काहीच दोष नाही? आहे. माणसं घटली, मजुरी वाढली, नांगरट परवडेना. कळपाला मात्र एक मेंढपाळ पुरतो. गाव दुबळं झालं ते साथीनं, पण माणसांना घराबाहेर काढलं मालकाच्या हिशेबानं, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. आज तिथं चर्चच्या भिंती आणि गवताखाली घरांचे उंचवटे उरलेत.