घेवड्याचा वाफा

आमच्या शाळेच्या मागील आवारात, विहिरीच्या अंगाला, एकेकाळी बारा वाफे होते. ज्यांच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते त्या बाईंनी ते आखून सातवीच्या मुलामुलींना वर्षभरासाठी वाटून दिले होते. प्रस्तुत लेखक तेव्हा विज्ञान शिकवीत असे, आणि त्या वाफ्यांवर उभे राहून त्याने मुलांना एक अर्धसत्य अनेक वर्षे सांगितले. त्याची दुरुस्ती करण्यास ही जागा योग्य वाटते.

जमिनीचे लहान तुकडे वाटून देण्याची ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे हाउशिल्ट या मुख्याध्यापकांनी १८६४ साली पालकांची एक संस्था स्थापन केली आणि नुकतेच निवर्तलेले डॉ. श्रेबर यांचे नाव तिला दिले. १८६५ मध्ये संस्थेने मुलांसाठी क्रीडांगण केले. पुढे गेझेल नावाच्या शिक्षकांनी त्याच्या कडेने मुलांकरिता वाफे पाडले. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला, तण माजले, आणि अखेर आईवडिलांनी वाफे हाती घेऊन त्यांना कुंपणे घातली. खंडाने दिल्या जाणाऱ्या या बागांना जर्मनीत आजही श्रेबरचे नाव आहे; वास्तविक त्यांनी स्वतः एकही बाग काढली नव्हती! आज तेथे अशी बाग सामान्यतः ४०० चौरस मीटरांहून मोठी असू नये आणि तिचा निदान तिसरा हिस्सा फळभाज्यांखाली असावा, असा दंडक आहे. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने नागरिकांना असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तेथील रूढ तुकडा सुमारे २५० चौरस मीटरांचा असतो, आणि काठ्यांवर चढविलेला घेवडा ही तर त्याची ओळखच होय.

आमच्याही बारा वाफ्यांपैकी आठांत घेवडाच असे. बुटका घेवडा पन्नास-साठ दिवसांत शेंगा देतो, त्याला मांडव लागत नाही, आणि बी मोठे असल्याने मुलांच्या बोटांत नीट बसते. बेळगावकडील आषाढातील पावसात मात्र बी कुजते. म्हणून पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टमध्ये, वरंब्यावर वीतभर अंतराने आणि दोन बोटे खोल टोकणी करावी.

आता ते अर्धसत्य. ‘शेंगवर्गीय पीक जमिनीला खत देते,’ असे लेखक सांगत असे. १८८६ मध्ये हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की या वनस्पतींना हवेतील नायट्रोजन मिळतो तो मुळांवरील गाठींमुळे. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये त्या गाठींतील जिवाणू वेगळे केले. वनस्पती त्यांना साखर पुरविते आणि ते तिला नायट्रोजनयुक्त द्रव्ये देतात. येथवर सारे खरे आहे. परंतु ही द्रव्ये जमिनीत सांडत नाहीत. ती प्रामुख्याने झाडातच जातात, आणि दाणे भरू लागले की त्यांतील मोठा वाटा दाण्यांत साठतो. आम्ही शेंगा घरी नेत असू, मग झाडे मुळांसकट उपटून कुंपणाबाहेर टाकीत असू, आणि त्याच वाफ्यात पालक लावून तो पिवळा का पडतो याचे नवल करीत असू. जमिनीस देण्याजोगे जे होते, ते आम्हीच बाहेर फेकले होते.

त्यातही घेवडा या कामात मंदच. चवळी आणि वाल यांना अनुरूप जिवाणू आपल्या बहुतेक जमिनींत आढळतात. घेवड्याच्या जिवाणूंची तशी खात्री देता येत नाही. म्हणून पेरणीपूर्वी घेवड्यासाठीचे रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्यास चोळावे व ते सावलीत सुकवावे. युरियाचा हात सढळ ठेवू नये, कारण आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी धरण्याचे टाळते. महिन्याभराने एखादे रोप मातीसह अलगद उचलून मुळे धुवावीत आणि गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी दिसली तर ती काम करीत आहे असे समजावे. पांढरी वा हिरवट असेल तर नाही. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जातीच्या एका द्रव्याचा असतो. मुलांना याहून अधिक आनंद देणारा प्रयोग लेखकास ठाऊक नाही.

तोडणी संपल्यावर झाड उपटू नये. विळ्याने जमिनीलगत कापावे. मुळे आत कुजू द्यावीत. पाला निरोगी असेल तर चिरून मातीत मिसळावा, तांबेरा पडला असेल तर मात्र तो दूर नेऊन जाळावा. त्या वाफ्यात पुढे पालक, मुळा किंवा कोबी घ्यावा. शेंगभाजी लगेच पुन्हा लावू नये.

आणखी एक अडचण आमच्या शाळेची होती. ऑगस्टमधील घेवडा नेमका दसऱ्याच्या सुटीत तोडणीस येई. घेवड्याची शेंग दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते. ती झाडावर जून झाली की झाड नवी फुले धरणे थांबविते. सुटीनंतर मुले परतत तेव्हा वाफ्यात कडक शेंगा आणि पिवळी पाने उरत, आणि मुलांचे चेहरे पाहवत नसत. बाईंनी यावर उपाय शोधला तो घरच्या अनुभवातून. त्यांनी कुंपणाला गावठी वाल, ज्याला कन्नडमध्ये ‘अवरे’ म्हणतात, जुलैमध्ये लावविला. हा वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतो, मग तो किती आधी लावलेला असो. सुटीत तो नुसता पानांनी वाढे, कोणाची वाट न पाहता. आणि शाळा भरून महिना झाला, की नोव्हेंबरच्या अखेरीस, पहिल्या शेंगा तोडण्यास सातवीचा वर्ग हजर असे.