मर्यादेबाहेरचे पैसे

सकाळी सात. डिसेंबरात अकोटला सातपुड्याकडून जो वारा येतो तो स्वेटर मोजत नाही. चहा उकळेपर्यंत मी आयकराचं पोर्टल उघडून घेते, कारण अकरानंतर ते कधी रुसेल याचा नेम नाही. 2024-25 या वर्षाचं विवरणपत्र दुरुस्त करायची मुदत 31 डिसेंबर 2025ला संपते. सप्टेंबरात शेवटच्या दोन दिवसांत धावतपळत भरलेली विवरणपत्रं आता एकेक करून परत येताहेत. त्यात या आठवड्यात एक दुखणं फार: म्हातारपणासाठीच्या खात्यात मर्यादेपेक्षा जास्त भरलेले पैसे. कर लपवणाऱ्यांची मला सवय आहे. जास्त बचत करून अडकलेला माणूस समोर बसला की मात्र काय बोलावं ते चटकन सुचत नाही.

साडेनऊ. बाजार समितीत कापसाच्या गाड्या लागल्यात, म्हणून व्यापारी भाऊ घाईतच आले. टेबलावर दोन पासबुकं. एक त्यांच्या पीपीएफचं, बँकेतलं. दुसरं सात वर्षांच्या मुलीच्या नावचं, पोस्टातलं, पालक म्हणून हेच. स्वतःच्या खात्यात दरवर्षी दीड लाख, मुलीच्या खात्यात एक लाख. तीन वर्षं, दर एप्रिलच्या पाच तारखेच्या आत, अगदी शहाण्यासारखं. कारण व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर मिळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की दीड लाखाची मर्यादा स्वतःचं आणि आपण पालक असलेल्या अज्ञान मुलाचं खातं मिळून आहे.

"म्हंजे?"

"म्हणजे वर्षाला एक लाख जास्तीचा. तो परत मिळेल, पण त्यावर व्याज नाही."

कॅल्क्युलेटर मी त्यांच्याकडे फिरवला. 7.1 टक्क्यांनी तीन वर्षांत या तीन लाखांवर साधारण 44,650 रुपये व्याज झालं असतं. ते गेलं.

"मी पैशे देल्ले सरकारले, वापरले सरकारनं, अन् व्याज कायले नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि नियमात तर नाहीच. एकाच खात्यात दीड लाखाच्या वर भरायला गेलं तर संगणक अडवतो. पण बँकेला पोस्टातलं दिसत नाही, पोस्टाला बँकेतलं दिसत नाही. खिडकीवर दोन्हीकडे शिक्का बसतो. मर्यादा सांभाळायची ती खातेदारानं.

दंड मात्र नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. 80सी खाली त्यांनी दीड लाखाचीच वजावट घेतली होती, तेव्हा कराच्या बाजूनं काही बिघडलेलं नाही. जास्तीची रक्कम परत मागण्याचा अर्ज साध्या कागदावर लिहून दिला, दोन्ही पासबुकांच्या झेरॉक्स जोडल्या. मुलगी दहाच्या आतली, म्हणून सुकन्या समृद्धीचं सांगितलं: तिथली दीड लाखाची मर्यादा वेगळी आणि व्याज 8.2 टक्के. ते ऐकून चेहरा जरा सैल झाला. 'आधी कोणी सांगतलं नाही' हे वाक्य ते जिना उतरेपर्यंत ऐकू येत होतं.

बारा. सलग तीन फोन. तिघांचीही पीपीएफची दोन-दोन खाती. 1 ऑक्टोबर 2024पासून लागू झालेल्या सूचना त्यांना पुन्हा वाचून दाखवल्या: एक खातं मुख्य धरायचं, दुसरं त्यात मिळवायचं, आणि वर्षाच्या मर्यादेबाहेरची रक्कम शून्य टक्क्यानं परत. तिसरं खातं असेल तर त्यावर उघडल्या दिवसापासून शून्य. एकानं विचारलं, "मंग तिसरं सांगूच नाही काय?" पॅन सगळीकडे एकच आहे, म्हटलं.

एक. निवृत्त गुरुजी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पोस्टात 20 लाख, बँकेत 15. मर्यादा एप्रिल 2023पासून 30 लाख. वरच्या पाच लाखांवर 8.2ऐवजी बचत खात्याचे 4 टक्के, म्हणजे वर्षाला 21,000 कमी. आणि तिमाहीला जास्तीचं दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं होणार. गुरुजी शांतपणे म्हणाले, "वर्गात पट तपासायचो, हे तपासलं नाही." डबा खाल्ला.

साडेतीन. पुण्यात नोकरी करणारा इंजिनिअर, संत्र्याची तोड करायला गावी आलेला. याची गोष्ट उलटी. पीएफमध्ये मर्जीनं जास्त भरायला मनाई नाही, व्याजही 8.25 टक्केच. पण 1 एप्रिल 2021पासून कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांवर गेला की वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र. आणि ते एका वर्षापुरतं नाही. नियम 9डी प्रमाणे करपात्र हिस्सा वेगळा मांडला जातो, त्यावर दरवर्षी व्याज चढतं, दरवर्षी कर. त्याच्या 26एएसमध्ये टीडीएस दिसत होता 1,800 रुपये. विवरणपत्रात 18,000चं व्याजच नव्हतं.

"मॅडम, पीएफ करमुक्त असतो ना?"

तीस टक्क्यांचा स्लॅब, त्यावर चार टक्के उपकर: 5,616. टीडीएस वजा जाता 3,816. आजच दुरुस्त केलं तर एवढंच. जानेवारीत सुधारित नाही, अद्ययावत विवरणपत्र भरावं लागेल आणि वर 25 टक्के, म्हणजे 954. खात्यानं स्वतः शोधलं तर कमी दाखवलेल्या उत्पन्नाच्या करावर निम्मा दंड. रक्कम ऐकून तो हसला, पण ओटीपी लगेच दिला. चलन भरलं, व्याज 'इतर स्रोत' मध्ये टाकलं, ई-पडताळणी झाली. इतक्या सरळ दुरुस्त्या क्वचित होतात.

सहा ते आठ. व्यापाऱ्यांचा जीएसटी. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

साडेनऊ. न्यू जर्सीत सकाळचे अकरा. आमच्या जुन्या पक्षकारांचा मुलगा व्हिडिओवर, वडील शेजारी मफलर गुंडाळून. तिथले कागद तिथल्याच सल्लागारानं भरावेत हे मी आधीच बजावते, पण घरच्यांना नियम मराठीत समजून घ्यायचा असतो. नवरा-बायकोनं 2024साठी रॉथ आयआरए या तिथल्या निवृत्ती खात्यात प्रत्येकी 7,000 डॉलर भरले. पगार वाढून दोघांचं मिळून उत्पन्न 2,40,000 डॉलरच्या वर गेलं, आणि त्यापुढे रॉथमध्ये एक डॉलरही भरता येत नाही. सगळी रक्कम जास्तीची.

तिकडे व्याज कापत नाहीत, सरळ 6 टक्के जादा कर लावतात: माणशी 420 डॉलर, फॉर्म 5329वर, दोघांचा वेगवेगळा. आणि पैसे खात्यात असेपर्यंत दरवर्षी. कमाईसकट काढून घेऊन सुटण्याची मुदत 15 ऑक्टोबरला गेली. आता 2024चे 420 भरायचेच. पण मुद्दल 31 डिसेंबरच्या आत बाहेर आलं तर 2025चे वाचतात.

वडील म्हणाले, "दंड घेतात पण सांगतात तरी."

मला ते पटलं. आपल्याकडचा तोटा पासबुकात कुठेच छापून येत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं भरत राहतात. तिकडे फॉर्मवर आकडा लिहावा लागतो, तो बोचतो, माणूस हलतो. मुलाला एवढंच म्हटलं, नाताळची सुट्टी धरून चाल, पैसे काढायचा अर्ज आज टाक.

अकरा. पोर्टल आता पाण्यासारखं चालतंय. दोन विवरणपत्रं चढवते तेवढ्यात व्यापारी भाऊंचा आवाजी निरोप: "ताई, मायच्या नावानं एक पीपीएफ उघडलं तं?"

आईची मर्यादा आईची स्वतंत्र, कायद्यानं चालतं. पण 'आधीचं तिथं काही आहे का ते विचारा, आणि सगळी पासबुकं घेऊन या' एवढं लिहून पाठवलं.