जर्मनीतले पहिले सहा महिने : ऐकीव काय, खरं काय

ऑफर लेटर हातात पडलं की घरात पहिला हिशेब रुपयांत होतो. वर्षाला ६०,००० युरो, म्हणजे जवळजवळ साठ लाख! चाकण, नाशिक, हिंजवडीहून स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफुर्टकडे निघालेल्या कितीतरी तरुणांच्या घरी हा गुणाकार झालेला असतो आणि त्यावर गृहकर्जाचे, बहिणीच्या लग्नाचे बेतही आखले जातात. पण हिशेबाची सुरुवातच चुकीच्या आकड्यापासून झालेली असते.

जर्मनीत पगार सांगतात तो ‘ब्रुटो’ आणि खात्यात येतो तो ‘नेटो’. महिन्याला ५,००० युरो ब्रुटो मिळवणाऱ्या, अविवाहित, मूलबाळ नसलेल्या माणसाच्या हाती २०२५च्या दरांनी साधारण ३,१०० ते ३,२०० युरो पडतात. उरलेला पैसा उत्पन्नकर आणि चार विम्यांत जातो : आरोग्य, निवृत्तिवेतन, बेरोजगारी आणि म्हातारपणीची शुश्रूषा. या विम्यांत जवळपास तेवढीच रक्कम मालकही भरतो. भाडंही असंच दोन आकड्यांचं. जाहिरातीत ठळक दिसतं ते ‘काल्टमीटे’, म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. त्यात पाणी, इमारतीचा खर्च आणि बहुधा हीटिंग धरलं की होतं ‘वार्ममीटे’, आणि वीज व इंटरनेट बरेचदा त्याहूनही वेगळं. अनेक घरांत स्वयंपाकघराच्या जागी फक्त नळाची जोडणी असते. ओटा, शेगडी, कपाटं भाडेकरूने आणायची. अनामत मात्र कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. घर न दाखवता आधी पैसे पाठवा म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नये.

एवढी कपात पाहून ‘तिथे भरलेले पैसे बुडाले’ असं म्हणणारे भेटतात. ते खरं नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७पासून लागू आहे. जर्मन निवृत्तिवेतनासाठी किमान ६० महिन्यांची वर्गणी लागते. ती पुरी होत नसेल तर भारतातल्या पेन्शन योजनेतला काळ त्यात धरता येतो, आणि पुढे पेन्शन भारतात राहूनही घेता येते. आरोग्य विम्याचंही तसंच. सार्वजनिक विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता सामावतात. खासगी विमा घेण्याची मुभा ठरावीक पगाराच्या वरच मिळते (२०२५मध्ये वर्षाला ७३,८०० युरो). तरुणपणी तो स्वस्त दिसतो, पण त्यात घरातल्या प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि पुढे सार्वजनिक विम्यात परतणं अवघड. लग्न ठरलेल्या मुलाने किंवा मुलीने हा निर्णय घाईत घेऊ नये.

‘ऑफिसात इंग्रजी चालतं, जर्मन नंतर बघू.’ हा समज सर्वांत महागात पडतो. सॉफ्टवेअरच्या अनेक टीममध्ये खरोखरच इंग्रजी चालतं. पण ऑफिसबाहेर पाऊल टाकलं की कारभार जर्मनमध्ये, आणि तोही कागदावर. नवीन घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र हवं. नोंद झाली की अकरा अंकी कर क्रमांक टपालाने येतो. तो नसेल तर पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो (वाढीव रक्कम पुढे परत मिळते). टपालपेटीवर आपलं नाव लावलेलं नसेल तर हे पत्रच पोचत नाही! त्याच पेटीत काही आठवड्यांनी दर महिना १८.३६ युरोंच्या प्रसारण शुल्काचं पत्रही येतं. बरेच जण ‘आमच्याकडे टीव्ही नाही’ म्हणून ते फेकून देतात. पण हे शुल्क टीव्हीवर नसून घरावर आहे, दर घराला एकदाच.

भाषेचा थेट फायदा कायद्यातही लिहिलेला आहे. ‘ब्लू कार्ड’ या नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याला कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, जर्मनची बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांनीच. परिचारिकांना तर पर्यायच नाही. तिथे हा व्यवसाय परवान्याचा आहे, पदवीची रीतसर मान्यता लागते आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे बी-२ पातळीचं जर्मन. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात २०२४मध्ये १०,००० कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला, तेव्हा जर्मन शिकवण्याची योजनाही त्याला जोडावी लागली, ती याचसाठी. रुग्णाला कुठे दुखतंय, हे इंग्रजीतून कळणार नाही.

नोकरीच्या सुरक्षिततेबद्दल दोन उलट समज आहेत आणि दोन्ही अर्धवट. एक, ‘युरोपात नोकरीवरून काढताच येत नाही.’ दुसरा, ‘परदेशी माणसाला कधीही काढतात, म्हणून गप्प बसावं.’ पहिले सहा महिने सहसा परीक्षेचे, म्हणजे ‘प्रोबेत्साइट’चे असतात. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीने, फारसं कारण न देता, नोकरी जाऊ शकते. म्हणून या काळात मोठी गाडी किंवा लांबचं कर्ज घेऊ नये, हा जुन्या मंडळींचा सल्ला योग्यच आहे. सहा महिन्यांनंतर, आस्थापनेत दहापेक्षा जास्त कर्मचारी असतील तर, कायद्याचं खरं संरक्षण सुरू होतं आणि काढायला ठोस कारण लागतं.

ते संरक्षण वापरायचं तर काही गोष्टी ठाऊक हव्यात. काढून टाकल्याचं पत्र कागदावर आणि हाताने सही केलेलं असावं लागतं. ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपवरचा निरोप कायद्याने ग्राह्य नाही. पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दाद मागावी लागते. मुदत टळली की हक्क जवळपास संपतो. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नोंद करायची. परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही कळवायचं, कारण राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. घाबरून दोन महिने कुणालाच न सांगणं, घरच्यांनाही न सांगणं, हीच चूक मराठी मुलांकडून होते. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरली असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असेल तर ६७ टक्के भत्ता मिळतो. तो पगारातून आधीच भरलेल्या विम्याचा आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आजारपणाचंही तेच. अंगात ताप असताना लॅपटॉप उघडून बसणं आपल्याकडे निष्ठा समजली जाते. तिथे नोकरीला चार आठवडे झाल्यावर आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार देणं मालकावर बंधनकारक आहे. सुट्टीवर असताना आजारी पडलं आणि डॉक्टरचा दाखला असेल, तर तेवढे दिवस सुट्टीत धरले जात नाहीत. फक्त पहिल्याच सकाळी ऑफिसला कळवायचं.

आपलं ड्रायव्हिंग लायसन्स कायम चालेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तिथे राहायला लागल्यापासून ते सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

आणि शेवटी नागरिकत्व. २७ जून २०२४पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली आणि सर्वसाधारण मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली. त्यावरून ‘आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात’ असे निरोप घरोघर फिरले. जर्मनीच्या बाजूने ते खरं आहे, भारताच्या बाजूने नाही. स्वखुशीने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्याऐवजी मिळणाऱ्या ‘ओसीआय’ कार्डावर भारतात राहता येतं, फ्लॅट घेता येतो, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने मात्र मिळू शकते. गावाकडे शेती असलेल्या घरांनी नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून, सातबारा समोर ठेवून बोलून घ्यावं.