खण, तुळई आणि रुंद माडी

आमच्या बार्शीकडे घराचे माप चौरस फुटांत सांगण्याची चाल फार जुनी नव्हे. भगवंताच्या देवळाभोवतीच्या जुन्या पेठांतील एखादा वाडा किती मोठा, असे विचारले, तर वडीलधारी माणसे तो सात खणांचा की नऊ खणांचा एवढेच सांगत. आणि खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर असल्यामुळे त्या एका शब्दात घराचा विस्तार, मालकाची ऐपत आणि त्याला मिळालेल्या लाकडाचे सामर्थ्य ही तिन्ही एकदमच कळत. तुळईवर कड्या, कड्यांवर किलचा, किलचांवर पाला आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे ते माळवद. माडी असली तर मधल्या मजल्याला तक्तपोशी. लाकूड जितके लांब आणि सरळ मिळेल तितकीच खोली रुंद होई, आणि त्याहून रुंद सोपा हवा असल्यास मध्ये खांब उभा करण्यावाचून गत्यंतर नसे. घरातील वृद्ध मंडळी ज्या खांबाला टेकून पान लावीत बसत, तो खांब तेथे आला होता तो याच कारणाने.

आज कोणालाही दिवाणखान्याच्या मध्यात खांब नको असतो. अठरा-वीस फुटांचा मोकळा गाळा ही सर्वसाधारण अपेक्षा झाली आहे. ती अपेक्षा सिमेंटचा स्लॅब पुरी करतो, हे खरे. परंतु जुन्या दगडी भिंतींवर माडी चढवावयाची असेल, तर त्याच्या वजनाचा हिशेब आधी मांडला पाहिजे. राहत्या घराच्या मजल्यावर माणसे आणि सामान मिळून चौरस फुटाला सुमारे १९ किलो भार आपल्याकडील मानकाने धरला आहे. पाच इंची स्लॅबचे स्वतःचे वजनच चौरस फुटाला तीस किलोच्या आसपास जाते, फूटभर मातीचे पंचेचाळीस किलोंहून अधिक. आणि हलक्या कड्या व फळ्या यांच्या जमिनीचे अवघे पाच किलोंच्या घरात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने जी सुमारे दहा हजार माणसे दगावली, त्यांतील बहुतेकांचा घात मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माथ्यावरच्या मातीच्या ओझ्याने केला. पुष्कळ घरांत भिंती कोसळूनही खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला होता, ही गोष्ट आमच्या भागातील प्रत्येक घरबांध्याने स्मरणात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

परदेशात या हलक्या, लांब कड्या कारखान्यात घडवितात. त्यांचे मर्म समजण्यास बार्शीकराला दूर जावे लागत नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी कुर्डुवाडीच्या बाजूने बार्शीपर्यंत अडीच फुटी रेल्वे आणली. तिच्या रुळाचा तुकडा ज्याने पाहिला असेल, त्याला वरचा जाड माथा, खालचा पसरट पाया आणि मधली पातळ भिंत हा आकार आठवेल. आडवी कडी भाराखाली लवते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधल्या भागाला त्या मानाने थोडेच काम पडते; म्हणून माल वरखाली ठेवावा आणि मध्ये काटकसर करावी. हाच न्याय लाकडाला लावून अमेरिकेतील आयडाहो संस्थानातील ट्रस जॉइस्ट कंपनीने १९६९ मध्ये आय-जॉइस्ट बाजारात आणला. त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्या चांगल्या लाकडाच्या किंवा पातळ पापुद्रे एका दिशेने चिकटविलेल्या एल.व्ही.एल.च्या असतात, आणि मधली भिंत लाकडाच्या चपट्या चिपा दाबून केलेल्या तक्त्याची. फळ्यांवर फळ्या चिकटवून भरीव तुळई करण्याची विद्या, जिला ग्लुलॅम म्हणतात, ती याहून जुनी. जर्मनीत ऑटो हेट्झर यांनी १९०६ मध्ये तिचे पेटंट घेतले.

कडी निवडताना मात्र बहुतेकांची नजर मजबुतीवर असते, आणि तेथेच चूक होते. न्यू जर्सीतील एका आप्ताच्या घरी मी तळघरात उभा राहून या कड्या न्याहाळीत होतो. वर मुले धावू लागली, तशी कडीला टांगलेल्या दिव्याची साखळी थरथरू लागली आणि फडताळातील काचेची भांडी किणकिणली. जमीन कोसळण्याची तिळमात्र भीती नव्हती. नियमात बसणारी किमान खोलीची, म्हणजे किमान उभ्या मापाची, कडी बसविली होती, एवढेच. परंतु त्या घरातील गृहिणीला आपल्याच स्वयंपाकघरात पाऊल भक्कम पडल्याचे समाधान नव्हते.

म्हणून प्रश्न विचारावयाचा तो झोल किती पडेल, हा. गाळा दुप्पट झाला की तेवढ्याच दर फुटी भाराखाली झोल सोळापट होतो. उलट कडीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पटच वाढतो, पण तिची खोली दुप्पट केली तर आठपट. त्या देशात वापरण्याच्या भाराखाली गाळ्याच्या ३६०व्या हिश्शापर्यंत झोल चालवून घेतात. अठरा फुटांना तो सुमारे पाच सूत होतो. मी तरी ४८०वा हिस्सा, म्हणजे साडेतीन सुतांच्या आसपास, मुकरर करावा असेच सांगेन. वीस फुटांच्या गाळ्याला बारा इंची कडीवर भागविण्यापेक्षा चौदा किंवा सोळा इंची घ्यावी. छत थोडे खाली येईल, पण पावलाखालची जमीन स्वस्थ राहील.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगण्याजोग्या असल्या तरी हयगय करण्याजोग्या नाहीत. आय-जॉइस्टच्या वरच्या-खालच्या पट्टीला करवत लावू नये. नळ वा वायर न्यावयाची तर मधल्या भिंतीतूनच, आणि तेही कारखान्याच्या तक्त्यात दाखविलेल्या जागी. ती पातळ भिंत आगीत लवकर जळते, म्हणून खालून जिप्सम बोर्डाचे छत हवेच. भरीव ग्लुलॅम वरून कोळसा होत मिनिटाला एक मिलिमीटरहून कमी वेगाने जळते व आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने इमारतींतील लाकडावरील मनाई २०२० मध्ये उठविली, आणि लाकडी कामाच्या हिशेबासाठी आय.एस. ८८३ हे मानक आपल्याकडे आहे. तेव्हा माल मागविण्यापूर्वी एखाद्या जाणत्या इंजिनिअरकडून खातरजमा करून घेण्यास कोणतीच अडचण नाही.

आणि कडीचे टोक. जुन्या माळवदाची तुळई मध्ये क्वचितच मोडते. ती भिंतीत जेथे शिरते तेथे पावसाळ्याचे पाणी मुरते, वाळवी चढते, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या टोकावर खिळा टेकवून नुसता दाबला तरी आतून तपकिरी भुगा गळू लागतो. कारखान्याची कडी याला अपवाद नाही. भिजलेल्या चिपांची भिंत तर फुगते. तेव्हा टोक ओल्या मातीत गाडू नये, दगडी बैठकीवर कोरडे टेकवावे, भोवती बोटभर हवा खेळती ठेवावी, आणि पुढे हात घालून पाहता येईल एवढी जागा सुताराकडून आधीच सोडवून घ्यावी.