लोणारचे वय कोणी सांगितले?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराविषयी काहीही वाचायला घ्या, एक वाक्य बहुधा भेटतेच: उल्कापाताने हे विवर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी तयार झाले. दुसऱ्या एखाद्या लेखात हेच वय ५ लाख ७० हजार वर्षे दिलेले असते. दोन्ही आकडे खऱ्या मोजमापांतून आलेले आहेत आणि त्यांच्यात अकरा पटींचे अंतर आहे. वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? त्याला ते ठरवता येत नाही, कारण आकडा उचलणाऱ्याने तो कोणी मोजला, कशावर मोजला आणि किती खात्रीने सांगितला, हे सारे मागे सोडलेले असते. दुसऱ्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडणे आणि त्याचा सारांश देणे ही प्रकल्प आणि प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाची रोजची गरज. तिचे शिक्षण मात्र बहुतेकदा शब्द बदलण्यापाशी संपते. शब्द बदलणे हा या कामातला सर्वांत गौण भाग आहे. मूळ लेखकाचा दावा, त्याचा आधार आणि त्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी नव्या वाक्यात शाबूत पोहोचल्या का, हा खरा प्रश्न आहे.

लोणारच्या दोन वयांकडेच नीट पाहू. ५२ हजारांचा आकडा सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांनी १९९७ मध्ये दिला, तोही सहा हजार वर्षे इकडे किंवा तिकडे असा. उल्केच्या आघाताने खडक वितळून जी काच तयार झाली, ती पुन्हा तापवल्यावर किती प्रकाश बाहेर पडतो हे त्यांनी मोजले. काच शेवटची कडक तापली तेव्हापासून किती काळ गेला, ते या पद्धतीतून कळते. म्हणजे मधल्या काळात ती पुन्हा तापली असेल, तर हाती येणारे वय खऱ्यापेक्षा कमी भरेल. दुसरा आकडा जुर्दां आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडला: ५ लाख ७० हजार, अधिक किंवा उणे ४७ हजार वर्षे. त्यांनी वितळलेल्या खडकातला आर्गॉन वायू मोजला. खडक पूर्ण वितळला की त्यात साठलेला आर्गॉन निघून जातो आणि पोटॅशियमच्या ऱ्हासातून तो नव्याने साठू लागतो. इथला मूळ बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातला जुना आर्गॉन थोडा जरी अडकून राहिला, तरी वय फुगते, म्हणून त्या लेखकांना या उरलेल्या वायूचा हिशेब करावा लागला. एका पद्धतीत चूक शिरली तर वय घटते, दुसरीत वाढते. एवढे दोन वाक्यांत सांगितले असते, तर वाचकाला नुसत्या आकड्याऐवजी आकड्यामागचा वाद हाती आला असता. सारांश लहान असतो हे खरे, पण त्याने काय गाळायचे याला मर्यादा आहे. पद्धत आणि चुकीची शक्यता सोडली तर शास्त्रीय विधानाची अफवा होते.

आता शब्द बदलण्याचा प्रकार पाहा. समजा, स्रोतात असे वाक्य आहे: काचेच्या नमुन्यांवरील मोजमापांतून विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघते. त्यावरून विद्यार्थी लिहितो: काचेच्या तुकड्यांच्या मापनावरून विवराचे आयुष्य अंदाजे ५२ सहस्र वर्षे ठरते. प्रत्येक शब्दाच्या जागी त्याचा भाऊ बसवला, वाक्याचा सांगाडा तोच राहिला आणि लेखकाचे नाव कुठेच नाही. लिहिणाऱ्याला विषय समजला की नाही, हे या वाक्यावरून कोणीही सांगू शकणार नाही. तोच मजकूर असा येऊ शकतो: सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आघातकाचेवरून काढलेले वय ५२ हजार वर्षांच्या आसपास आहे, मात्र ही पद्धत काच शेवटची तापल्याचा काळ दाखवते. हे वाक्य मुळापेक्षा लांब झाले आहे आणि तसे होणे चुकीचे नाही. पुनर्कथनाने मूळ म्हणणे पूर्ण पोहोचवायचे असते, तर सारांशाने आपल्या कामापुरते निवडायचे असते. सरोवरातल्या सूक्ष्मजीवांवर लिहिणाऱ्याला वयाच्या वादासाठी एक ओळ पुरेल. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक पान लागेल. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

काळ गाळल्यानेही असाच घोटाळा होतो. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि लोणार हे आघातविवर असल्याचे भक्कम पुरावे पुढे आले. त्याआधी अनेक भूशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीचे मुख मानत होते. बेसॉल्ट खडकात असे दुसरे विवर पृथ्वीवर तोपर्यंत माहीत नव्हते, म्हणून चंद्रावरच्या विवरांशी तुलना करायला लोणार अद्वितीय ठरते, असे त्या निबंधात म्हटले होते. पुढे ब्राझीलमध्ये वार्जेआव आणि व्हिस्टा अलेग्रे ही बेसॉल्टमधली आघातविवरे सिद्ध झाली. तरीही ‘बेसॉल्टमधले जगातील एकमेव विवर’ हे शब्द लोणारला अजून चिकटून आहेत. १९७३ मध्ये ज्ञात असलेले एकमेव, एवढी अट ठेवली असती, तर ते विधान आजही खरे राहिले असते. लोणारचा गौरव या अटीने तसूभरही कमी होत नाही. याच्या उलटी चूकही तितकीच वाईट, म्हणजे जुन्या स्रोताच्या तोंडी आजचे ज्ञान घालणे. ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे, पण तिथे काच आणि साबण करायला लागणारा माल व त्यापासून मिळणारा महसूल यांची नोंद आहे. त्यावरून मुघलकाळात सरोवराचा शास्त्रीय अभ्यास झाला होता असे कोणी लिहिले, तर तळटीप अचूक असूनही विधान खोटे ठरेल.

क्रियापदांची तऱ्हाही तीच. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सुरुवातीला शेवाळाचा अंदाज व्यक्त झाला. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून मीठप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. अंदाज केला, आढळले, सुचवले, सिद्ध केले: या प्रत्येक क्रियापदात खात्रीची निराळी पातळी आहे. त्या सगळ्यांच्या जागी ‘सांगितले’ लिहिले की अंदाज आणि तपासणी एकाच ओळीत येऊन बसतात.

यावर पहिला आक्षेप संशोधन करणारेच घेतील: विद्यापीठ शेवटी साम्याची टक्केवारी बघते, मग ती कमी करणे हेच काम नाही का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ धरले आहे, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा चढत्या पातळ्या आणि त्यांचे परिणाम ठरवले आहेत. नियम आवश्यक होते, कारण पानेच्या पाने उचलण्याला कुठेतरी आळा हवा होता. पण सॉफ्टवेअर शब्दांचा मेळ पाहते, अर्थाचा नाही. अवतरणचिन्हांत नीट दिलेले उद्धरण आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळण्याची तरतूद नियमांतच आहे, हे अनेकांना माहीत नसते. ते व्याख्या किंवा कायद्याचे कलमही घाबरून बदलतात आणि अर्थ बिघडवतात. जिथे नेमक्या शब्दांनाच महत्त्व आहे तिथे सरळ उद्धृत करावे. इंग्रजी निबंधाचे मराठी भाषांतर आपले म्हणून दिले तर टक्केवारी शून्यही येऊ शकते, पण ती चोरीच राहते. शब्द फिरवून देणाऱ्या संगणकीय साधनांनी तर हे अंतर आणखी वाढवले आहे. शून्य टक्के साम्य आणि अकरा पटींनी संशयास्पद वय, दोन्ही एकाच पानावर सुखाने नांदू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक आदराने घ्यायला हवा. ज्ञान सर्वांचे, आपली परंपरा मौखिक, कीर्तनकाराने दृष्टान्त कुठून घेतला हे कोण विचारतो? हे नाव लावण्याचे खूळ पाश्चात्त्य आहे, असे म्हणणारे याच भूमीची परंपरा विसरतात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, त्यांत मेहकर आणि लोणार इथल्या लीळाही आहेत. ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन त्या मिळवायच्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायच्या, अशी त्यांची रीत होती. पुढे मूळ पोथी हरवली आणि ‘लीळाचरित्र’ स्मरणातून पुन्हा उभे राहिले, तेव्हा वेगवेगळ्या परंपरांतले पाठभेदही जपले गेले. श्रद्धेच्या ग्रंथात एवढी काळजी घेतली गेली, ती कोणत्याही आयोगाच्या नियमामुळे नव्हे. ऐकलेल्या गोष्टीचे वजन सांगणाऱ्यावर अवलंबून असते, ही जाणीव त्यामागे आहे.

तिसरी अडचण खरीखुरी आहे. मेहकर, चिखली, देऊळगावराजा इथल्या महाविद्यालयांत मराठीतून शिकून आलेल्या मुलामुलींसमोर लोणारवरचे संशोधन इंग्रजीत येते. वाक्य पुरते कळले नसेल तर त्याच्या सांगाड्याला धरून राहण्यावाचून गत्यंतर नसते. या उचलेगिरीत आळसापेक्षा भीतीच जास्त असते आणि शिक्षेने भीती जात नाही. म्हणून सुरुवात मराठीतूनच व्हावी. निबंधाचा एक भाग वाचायचा, कागद उलटा ठेवायचा आणि लेखक काय म्हणतो, कशावरून म्हणतो, कुठे कचरतो हे मराठीत चार-पाच वाक्यांत लिहायचे. मग कागद सुलटा करून नाव, साल, आकडा, पद्धत आणि क्रियापद एकेक ताडून पाहायचे. जे आठवले नाही ते बहुधा समजलेले नसते. तिथे परत वाचायचे. प्रबंध इंग्रजीत द्यायचा असेल तर या मराठी टिपणावरून इंग्रजी लिहावे, मूळ निबंध समोर उघडा ठेवून नव्हे. मार्गदर्शकांनीही साम्याचा अहवाल मागण्याआधी हे टिपण मागावे आणि त्यावर एकच प्रश्न विचारावा: ५२ हजार आणि ५ लाख ७० हजार यांतला तुम्ही कोणता आकडा घेतला, आणि दुसरा का सोडला?