वही अपूर्ण, पण मूल कुठवर आलंय?

रात्री साडेनऊला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना पडते. उद्या हस्तकलेच्या तासासाठी पिवळा घोटीव कागद, डिंकाची बाटली आणि आइस्क्रीमच्या दहा काड्या पाठवाव्यात. खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. कोणी विचारतं, पिवळाच हवा का, आमच्याकडे केशरी आहे. अकराच्या सुमाराला एक आई गृहपाठाच्या पानाचा फोटो मागते, कारण चिरंजीव वही शाळेतच विसरून आलेत. तोवर अर्ध्या वर्गाचे पालक दहा काड्यांसाठी आइस्क्रीम कुठून आणायचं या विवंचनेत असतात.

शाळा घराला आज जेवढं कळवते तेवढं पूर्वी कधीच कळवत नव्हती. आमच्या पिढीत निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही झाली की शाळेचा आणि घराचा वर्षभराचा व्यवहार पूर्ण होई. आता रोज काहीतरी येतं. फी, गणवेश, सुट्टी, घटक चाचणी, स्नेहसंमेलनाचा पोशाख. फक्त आपलं मूल शिकण्यात नेमकं कुठवर आलंय, हे त्यात नसतं. ते ग्रुपवर यायलाही नको, चारचौघांत सांगायची ती गोष्ट नव्हे. ती सांगायची जागा पालकसभा. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकांच्या कर्तव्यांची यादी आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती सांगणं, हे त्या यादीतच लिहिलेलं आहे.

प्रत्यक्षात सभा कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंच्या टेबलासमोर रांग. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं. गठ्ठ्यातून वही निघते. अक्षर सुधारायला हवं, वर्गात फार बोलतो, वही अपूर्ण आहे. यावर पालकांचं ठरलेलं उत्तर असतं, "घरी ऐकतच नाही हो, तुम्हीच जरा दटावा." दोन्ही बाजूंनी मुलाची तक्रार नोंदवली जाते आणि रांग पुढे सरकते. मूल शेजारीच उभं असतं, मान खाली घालून.

या तीन मिनिटांत विचारण्याजोगा एक प्रश्न आहे आणि त्याची तयारी घरीच करता येते. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ हे सर्वेक्षण करते. त्यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ही पाहणी शाळेत होत नाही, खेडोपाडी मुलाच्या दारात होते. स्वयंसेवक मुलासमोर एक कागद धरतो. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल जिथवर अडखळत नाही ती त्याची पायरी. गणितात तसंच, अंक ओळखण्यापासून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आणि तिथून साध्या भागाकारापर्यंत. २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं पाचवीचं पुस्तक दप्तरात घेऊन हिंडत होती आणि दुसरीच्या पुस्तकातल्या गोष्टीपाशी अडत होती.

खासगी शाळेतल्या किंवा शहरातल्या पालकांनी हा आकडा वाचून निःश्वास टाकायचं कारण नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसवून आपल्या तिसरीतल्या लेकीकडून दुसरीच्या पुस्तकातली, तिने न पाठ केलेली गोष्ट वाचून घ्या. पाठ केलेल्या धड्याने फसगत होते, म्हणून अनोळखी मजकूर हवा. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्यातलं एखादं सोपं पान चालेल. बोट ठेवून वाचते का, जोडाक्षरापाशी थांबते का, वाचून झाल्यावर काय झालं ते आपल्या शब्दांत सांगते का, एवढंच बघायचं. मध्ये टोकायचं नाही. मग पालकसभेत ‘वही पूर्ण करून घेतो’ म्हणण्याऐवजी ‘ती जोडाक्षराशी अडते, वर्गात तुम्ही काय करता आणि घरी मी काय करू’ असं विचारता येतं. या प्रश्नाला शिक्षक तक्रारीने उत्तर देऊ शकत नाहीत. बहुतेक शिक्षक तर असा प्रश्न ऐकून सुखावतात, असा माझा अनुभव आहे.

शाळेने घराला नीट सांगितलं नाही तर काय होतं, याचा ठळक दाखला २०१९च्या जूनमध्ये मिळाला. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस हे ‘वीस एक’, त्रेसष्ट हे ‘साठ तीन’ असंही वाचायला सुचवलं होतं. महाराष्ट्रभर गदारोळ उठला. भाषेचा खून झाला इथपासून ते पाढे आता कसे म्हणायचे इथपर्यंत. विधिमंडळात आडनावांवरून कोट्या झाल्या. ‘बालभारती’च्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जुनी पद्धत काढलेली नाही, दोन्ही दिल्या आहेत, मुलाला जी सोपी वाटेल ती त्याने घ्यावी.

त्यांचं म्हणणं मुलांच्या बाजूने होतं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. मूल ‘त्रेसष्ट’ ऐकतं, कानावर तीन आधी पडतात आणि हात ३६ लिहून मोकळा होतो. त्यातून एकोणतीस, एकोणचाळीस हे ‘एक कमी’वाले आकडे. नऊ कुठेच ऐकू येत नाही आणि लिहायचा मात्र नऊ. म्हणजे मराठी मुलाला शंभरपर्यंतची जवळपास सगळी नावं सुटीसुटी पाठ करावी लागतात. इंग्रजी किंवा कानडी बोलणाऱ्या मुलाचं हे ओझं बरंच हलकं असतं. आपल्याकडे पाठांतर झालं की आपण समजतो संख्या आली.

ज्या घरात मूल असे आकडे उलटे लिहितं तिथे ओरडून उपयोग नाही, शंभर वेळा लिहून घेऊन तर मुळीच नाही. दहाच्या सहा नोटा आणि रुपयाची तीन नाणी त्याच्या पुढ्यात ठेवा. किती झाले? साठ आणि तीन. कागदावर आधी नोटा लिही, मग नाणी. नोटा कमी पडत असतील तर काडेपेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा आणि काही काड्या सुट्या ठेवा. आठ-दहा दिवस रोज पाच मिनिटं हा खेळ झाला की मूल स्वतःहून सांगू लागतं, त्रेसष्ट म्हणजे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या. मग नाव कोणतंही घ्या. त्या जूनमध्ये प्रत्येक शाळेने पालकांना बोलावून नोटा-नाण्यांचा हा दहा मिनिटांचा खेळ दाखवला असता, तर निम्मी आरडाओरड झालीच नसती. पालकांपर्यंत बातमी पोहोचली ती वाहिन्यांवरून, वर्गातून नव्हे.

याच्या नेमकी उलट वाट महाराष्ट्राच्याच जिल्हा परिषद शाळांनी २०२२ पासून चोखाळली आहे. पहिलीत येऊ घातलेल्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान एप्रिलमध्ये शाळेच्या आवारात मेळावा भरवून सुरू होतं. गावातून दिंडी निघते, लेझीम असते, मुलांच्या डोक्यावर कागदी टोप्या असतात. मग ओळीने मांडलेली टेबलं. एका ठिकाणी रेषेवरून चालायचं, उड्या मारायच्या, दुसऱ्या ठिकाणी वस्तूंचे गट लावायचे, तिसऱ्या ठिकाणी चित्र पाहून बोलायचं. मूल प्रत्येक टेबलाशी काय करू शकलं ते विकासपत्रावर लिहिलं जातं. पास-नापास नाही. पत्र आईच्या हातात देतात आणि समजावून सांगतात.

खरी गंमत पुढे. वस्तीतल्या आयांचा गट होतो, त्यातली एक पुढाकार घेते, आणि शाळा सुरू होईपर्यंतच्या उन्हाळ्यात त्यांना घरी करायच्या कृती मिळत राहतात. कृती कसल्या, तर परातीत हरभरे आणि शेंगदाणे एकत्र करून मुलाला निवडायला द्या. निवडून झाले की विचारा, जास्त कशाचे? बांगड्या लहान-मोठ्या लावून घ्या. भाजीवाल्याकडे नेऊन भाज्यांची नावं आणि रंग बोलून घ्या. भाकरी थापता थापता आई ‘मोठी कुठली’ विचारते आणि पोर पिठाचे हात पुसत उत्तर देतं, हा पूर्वगणिताचा धडाच आहे. जूनमध्ये पुन्हा मेळावा, पुन्हा तीच टेबलं. एप्रिलमध्ये जिथे मूल आईच्या पदराआड लपलं होतं तिथे ते आता ऐटीत उभं राहतं, हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

ज्या बाईने स्वतः सातवीत शाळा सोडली तिला इथे शाळा सांगत नाही की मुलाचा अभ्यास घ्या. तिला जे येतंच आहे ते मुलाबरोबर बोलत बोलत करा, एवढंच सांगते. इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईला नेमकं हेच कोणी सांगत नाही. तिला वाटतं, शिकवणी लावली नाही तर आपण कमी पडलो. (एक बारीक टोचणी राहतेच. अभियानात माता गट आहेत. बापांचा गट करायचं कोणाच्या मनात आल्याचं अजून ऐकलेलं नाही.)

यातलं मूळ सूत्र नवं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह गुरं राखणाऱ्या पोरांमागे कुरणात नेली. घराला शाळेकडे ओढण्याआधी शाळेने घर पाहावं, असा तो विचार. पुण्यातून ‘पालकनीती’ मासिक १९८७ पासून पालकत्वाबद्दल तेवढ्याच सातत्याने बोलत आलं आहे. वाचणारे थोडे, एवढंच.

आता गृहपाठाचं. केंद्राच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं स्पष्ट म्हटलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला. सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. तुमच्या घरी पहिलीतल्या मुलाला रोज दोन पानं लिहायला येत असतील, तर धोरणाचं हे वाक्य पालकसभेत नम्रपणे वाचून दाखवायला हरकत नाही. शाळा पालकांकडे बोट दाखवतील, आणि त्यातही तथ्य आहे. गृहपाठ नसला की ‘या शाळेत काही शिकवत नाहीत’ असं म्हणणारे आपणच.

झोपेचंही तसंच. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३च्या डिसेंबरमध्ये सकाळच्या शाळांचा मुद्दा काढला आणि २०२४च्या फेब्रुवारीत शासन निर्णय आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. बसवाले, दोन पाळ्यांच्या शाळा आणि नोकरदार पालक, सगळ्यांनीच कुरकुर केली. पण हिशेब साधा आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप सांगितली आहे. सहाला उठायचं असेल तर मूल नऊला झोपलेलं हवं. आपल्याकडे नऊला कुकरची शिट्टी होते आणि साडेनऊला घोटीव कागदाची सूचना येते. वर्गात डुलकी घेणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी घराचं घड्याळ बघावं. शाळेनेही संध्याकाळी सातनंतर सूचना पाठवू नयेत, इतका नियम पालकांनी सुचवावा. त्याला पैसा लागत नाही.

मनाची दुखणी मुलं मनाची म्हणून सांगत नाहीत. सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दिवसभर मूल ठणठणीत असतं. डबा तसाच परत येतो. एकाच मित्राचं नाव अचानक बोलण्यातून गळतं. अशा वेळी ‘शाळेत काय झालं’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘आज डबा कोणाशेजारी बसून खाल्लास’ हे विचारून पाहा, उत्तरात बरंच काही असतं. शाळेत मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंदी आहे, हे पालकांनाही ठाऊक हवं. मूल संकटात असेल तर १०९८ आणि मनःस्वास्थ्यासाठी सल्ला हवा असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६, हे दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवलेले असावेत.

शेवटी अधिकाराचा मुद्दा. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला लागतात. अनेक गावांत ही समिती इतिवृत्तावर सह्या करण्यापुरती उरली आहे, आणि त्याचा दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही. समितीची निवड ज्या पालकसभेत होते तिथे बसायला फार कोणी येतच नाही. खासगी विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ असतो, तिथेही चर्चा फीच्या पलीकडे क्वचित जाते. या वर्षीच्या पहिल्या पालकसभेला आई-बाबा दोघांनी रजा काढून जावं. जाण्याआधी घरी ती दुसरीची गोष्ट वाचून घ्यावी. वही अपूर्ण असल्याचं ऐकून घ्यावं आणि मग विचारावं, आमचं मूल आज काय करू शकतं आणि दिवाळीपर्यंत त्याने काय करायला शिकावं असं तुम्हाला वाटतं?